'बंद करा' हे बटण कोणाचं? खैरातच्या शाळेतला लॅपटॉप आणि लिनक्सचा एक जुना प्रश्न

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना जे पसरट झालं ते थोडं आवरलंय, बाकी ओघ तोच ठेवलाय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात इतिहास कुठला? विषय असा आहे: लिनक्सवरच्या एखाद्या हलक्या विंडो मॅनेजरमध्ये 'लॉगआउट' आणि 'शटडाउन' हे दोन पर्याय कसे आले. मेन्यूतल्या दोन ओळी, बस्स. पण या दोन ओळींमागे पन्नासेक वर्षांचं एक भांडण आहे, आणि त्या भांडणाचं एक टोक आपल्या रायगडात, कर्जत तालुक्यातल्या खैरात नावाच्या छोट्या वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन पोचतं. भांडण साधं आहे: यंत्र बंद करायचा अधिकार कोणाला?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ, मग कर्जतला जाऊ.

खिडक्या सांभाळणारा

विंडो मॅनेजर म्हणजे काय? स्क्रीनवरच्या खिडक्यांना चौकट देणारा, त्या हलवणारा, लहान-मोठ्या करणारा, एकीवर दुसरी आणणारा प्रोग्रॅम. एवढंच त्याचं काम. वायफाय, आवाज, बॅटरी, फाइली, पासवर्ड यांतलं काहीही त्याच्याकडे नसतं. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला हे वेगळं करून दिसत नाही, कारण तिथे सगळं एकत्र बांधून मिळतं. युनिक्सच्या घरात मात्र एक्स विंडो नावाची चित्र दाखवणारी व्यवस्था वेगळी, विंडो मॅनेजर वेगळा, आणि बाकीचं सगळं त्याहून वेगळं.

१९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी ट्विम लिहिला. पुढे तो एक्सबरोबरच मिळू लागला, आणि आजही कुठेतरी सापडतो. त्याच्या मेन्यूत एक 'क्विट' असायचं. ते दाबलं की ट्विम बंद व्हायचा. तुमच्या सत्रात सगळ्यात शेवटी ट्विमच चालू असेल, तर तो गेल्यावर सत्रही संपायचं आणि तुम्ही पुन्हा पासवर्डच्या पडद्यावर यायचात. झालं लॉगआउट! म्हणजे लॉगआउट ही वेगळी सोय म्हणून कोणी बांधलीच नव्हती. घरातला शेवटचा माणूस बाहेर पडला की कुलूप लागणार, तसा प्रकार.

शटडाउनचं काय? ते मेन्यूत नव्हतंच. कोणी विसरलं म्हणून नाही, तो विंडो मॅनेजरचा विषयच नव्हता म्हणून.

ऑपरेटरचा खटका

युनिक्सचा जन्म १९६९ चा. तेव्हा एक यंत्र अनेक जण मिळून वापरायचे. टर्मिनलवर बसलेल्या एका माणसाला घरी जायचंय म्हणून त्यानं यंत्रच बंद केलं, तर दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या दहा जणांचं काम पाण्यात. म्हणून नियम सरळ होता: वापरणाऱ्यानं आपलं सत्र संपवावं, यंत्र बंद करणं हे ऑपरेटरचं काम. तो रूट म्हणून आत जाणार, सगळ्यांना सूचना देणार, मेमरीत राहिलेलं डिस्कवर उतरवणार आणि मग यंत्र थांबवणार.

यात एक तांत्रिक कारणही होतं. फाइल लिहिली की ती लगेच डिस्कवर जाते असं नाही, काही वेळ मेमरीतच थांबते. मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेलं राहतं. म्हणून जुने लोक 'सिंक' ही आज्ञा तीनदा टाइप करून मगच यंत्र थांबवायचे. पहिल्या आज्ञेनं काम सुरू व्हायचं, आणि पुढच्या दोन टाइप करेपर्यंत डिस्कला तेवढा वेळ मिळायचा.

पुढे १९९१ मध्ये लिनक्स आलं आणि हीच व्यवस्था जशीच्या तशी घरातल्या पीसीवर उतरली. पण पीसीवर ऑपरेटर कुठला आणि दुसऱ्या मजल्यावरचे दहा जण कुठले? एकच माणूस, एकच खुर्ची. तरी नियम सांगत होता की बंद करायचं असेल तर आधी रूट व्हा.

गंमत अशी, की पुढचं दार बंद असलं तरी खिडकी उघडी होती. टेक्स्ट कन्सोलवर कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं की बहुतेक लिनक्सवर यंत्र रीतसर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि त्याला पासवर्ड लागत नसे. तर्क असा, की जो माणूस कीबोर्डपर्यंत पोचलाय तो प्लगही उपटू शकतो. त्याला अडवण्यापेक्षा नीट बंद करू द्या. रेड हॅटनं नव्वदच्या दशकातच हा तर्क पुढे नेऊन कन्सोलवर बसलेल्या माणसाला यंत्र बंद करायची मुभा दिली. हा तर्क लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

रिकामी ओळ

१९९७ च्या सुमारास आईसडब्ल्यूएम आणि ब्लॅकबॉक्स आले, २००१ मध्ये फ्लक्सबॉक्स, २००२ मध्ये ओपनबॉक्स. कमी मेमरीत चालणारे हे सगळे हलके विंडो मॅनेजर. जुन्या पीसीवर काम करणाऱ्या कोणत्याही कॉलेजातल्या पोरांना ही नावं पाठ असायची.

यातल्या आईसडब्ल्यूएमच्या सेटिंगच्या फाइलीत 'शटडाउन कमांड' आणि 'रीबूट कमांड' अशा दोन ओळी होत्या. आणि त्या मुळात रिकाम्या असायच्या! तुम्ही तिथे आज्ञा भरली तरच मेन्यूत तो पर्याय उगवायचा. मला ही रिकामी ओळ फार प्रामाणिक वाटते. प्रोग्रॅम लिहिणारा सांगतोय की मी बटण देतो, पण तुमच्या यंत्रावर तो अधिकार कोणाचा हे मी ठरवणार नाही, ते तुम्ही भरा.

मग लोक काय भरायचे? एक उपाय म्हणजे शटडाउनच्या प्रोग्रॅमवर असा शिक्का मारायचा की कोणीही चालवला तरी तो रूटच्याच अधिकारानं चालेल. दुसरा उपाय सुडो: एका फाइलीत लिहायचं, 'या माणसाला ही एकच आज्ञा पासवर्डशिवाय चालवू द्या.' दुसरा उपाय बरा, कारण किल्ली एकाच खोलीची दिली जाते, अख्ख्या वाड्याची नाही.

पण दोन्हीत एक उणीव होती. हा माणूस कोण, एवढंच ती यंत्रणा विचारायची. तो कुठे बसलाय, हे विचारायची नाही. समजा कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर तुम्हाला बंद करायची परवानगी आहे. तुम्ही घरून नेटवर्कवरून त्याच पीसीवर शिरलात आणि शटडाउन म्हणालात, तर समोर बसून प्रोजेक्ट लिहिणाऱ्या मुलीचा पडदा काळा. परवानगी कागदावर बरोबर, पण प्रत्यक्षात चूक.

दुसरी उणीव: ही आज्ञा थेट यंत्राला जायची. उघड्या प्रोग्रॅमांना 'आवरा आता' असं कोणी नीट विचारत नसे. अर्धवट लिहिलेलं पत्र जायचं ते जायचंच.

आता कर्जत

इथे जरा विजेची गोष्ट सांगावी लागेल, कारण बंद होण्याचा आणि विजेचा संबंध आपल्याकडे वेगळाच आहे.

खोपोली म्हणजे खालापूर तालुका. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटावरून पाइपातून खाली आणायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. मग १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र. म्हणजे हे दोन तालुके शंभर वर्षांपासून वीज बनवतायत. आणि २००५ नंतरची वर्षं आठवा: ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला कित्येक तास भारनियमन. डोक्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या तारा आणि खाली कंदील. घरात बटण आहे, पण खटका दुसऱ्याच्या हातात. अशा ठिकाणी 'यंत्र नीट बंद करा, मगच वीज घालवा' हा संगणकाच्या पुस्तकातला नियम कोणी कोणाला सांगायचा?

तर त्याच काळात, २००७ च्या पावसाळ्यानंतर, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत लॅपटॉप आले. एक शिक्षक, एक खोली, पहिली ते चौथी एकत्र, वीस-बावीस मुलं. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे ओएलपीसी, या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं जुलै २००६ मध्ये तिला नकार दिला. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग लॅपटॉप, असा त्या नकाराचा सूर होता. तो अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण नकारानंतरही एका गावात प्रयोग झाला, आणि तो मुंबईपासून लोकलच्या अंतरावरच्या तालुक्यात झाला.

त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचं नाव एक्सओ. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्क नाही, १ जीबी फ्लॅश. उन्हातही वाचता येईल असा पडदा. आत फेडोरा लिनक्स, त्यावर मॅचबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर. हा मुळात हातात धरायच्या छोट्या यंत्रांसाठी बनवलेला, एका वेळी एकच खिडकी पूर्ण पडदाभर दाखवणारा. आणि त्यावर मुलांसाठी बनवलेला शुगर हा चेहरामोहरा. म्हणजे आपल्या विषयाचा अगदी शुद्ध नमुना: अतिशय हलका विंडो मॅनेजर, ज्याला बंद करणं वगैरे काही ठाऊक नाही, आणि त्यावर कोणीतरी 'बंद करा' हे बटण बसवायचंय. ते कुठे बसवायचं?

मुलाच्या नावाखाली

एक्सओ पहिल्यांदा सुरू केला की तो नाव विचारायचा. मग स्क्रीनवर एक माणसाची आकृती यायची, एक्स अक्षरावर ओ ठेवल्यासारखी. तिच्यावर क्लिक करत मुलानं आपले दोन रंग निवडायचे. झालं. पासवर्ड नाही. पुढे तीच आकृती, त्याच रंगात, मुख्य पडद्याच्या मधोमध. आणि यंत्र बंद करण्याचा पर्याय त्या आकृतीवर माउस नेला की उघडणाऱ्या मेन्यूत: बंद करा, पुन्हा सुरू करा.

कोपऱ्यात नाही, 'सिस्टिम' नावाच्या कप्प्यात नाही. मुलाच्या स्वतःच्या चित्राखाली. युनिक्सनं जो अधिकार ऑपरेटरला दिला होता, तो इथे दुसरीतल्या मुलीच्या नावाखाली आला. टर्मिनल उघडून त्या मुलीला रूटही होता येत असे. पन्नाशीतल्या एखाद्या ऑपरेटरनं हे पाहिलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता.

आणि लॉगआउट? त्या मेन्यूत ते नव्हतं. नीट विचार केला तर असायचं कारणच नव्हतं. लॉगआउट म्हणजे 'मी उठतो, दुसऱ्याला बसू द्या'. इथे दुसरा कोणी नव्हताच. एका मुलाला एक लॅपटॉप, तो दप्तरासारखा घरी न्यायचा. कंट्रोल-आल्ट-इरेज दाबून शुगर पुन्हा सुरू करता यायचं, पण परत येणार ते तुमच्याच रंगातल्या तुमच्याच पडद्यावर. दुसऱ्या कोणाचं दारच नव्हतं.

मेन्यूत एखादी ओळ नसणं हेही धोरण असतं ते असं. 'एका मुलाला एक लॅपटॉप' ही घोषणा भाषणांत ऐकायला मिळायची, पण ती खरोखर अमलात कुठे आली हे बघायचं असेल तर लॉगआउट नसलेला तो मेन्यू बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत वस्तू कशा असतात आपल्याला माहीत आहे: नकाशा कपाटात, ढोलकी कपाटात, किल्ली मास्तरांकडे. इथे किल्ली नव्हती.

अर्थात चित्र पूर्ण गोड नव्हतं. एक्सओच्या सुरक्षेचा आराखडा, बिटफ्रॉस्ट, फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चोरीविरुद्ध एक सोय होती. एखाद्या देशानं ठरवलं तर प्रत्येक लॅपटॉपला ठरावीक मुदतीचा पट्टा देता येईल, मुदत संपेपर्यंत तो सर्व्हरशी बोलला नाही तर सुरूच होणार नाही. म्हणजे रोजचं बटण मुलाच्या हातात, पण सगळ्यात मोठा खटका वरती कोणाच्या तरी हातात ठेवायची मुभा. भिवपुरीच्या तारांखाली राहणाऱ्यांना ही रचना नवी वाटली नसती.

नीट बंद करणं म्हणजे काय

शुगरनं आणखी एक काम चांगलं केलं. 'बंद करा' म्हटल्यावर आज्ञा थेट यंत्राला जात नव्हती. आधी सत्र सांभाळणारा भाग उघड्या असलेल्या प्रत्येक कामाला विचारायचा: आवरलं का? ते काम आपली स्थिती जर्नलमध्ये ठेवायचं. शुगरमध्ये फाइल 'सेव्ह' करायची पद्धतच नव्हती, जे केलं ते आपोआप जर्नल नावाच्या रोजनिशीत जायचं. सगळ्यांनी 'झालं' म्हटलं की मग पुढची पायरी. शुगरच्या कोडमध्ये ही पुढची पायरी तीन वाटांची आहे: लॉगआउट, रीबूट, शटडाउन. लॉगआउट असेल तर सत्र संपवून गप्प बसायचं. बाकी दोन्हींत यंत्राच्या व्यवस्थापकाला डी-बस नावाच्या निरोप्याकरवी विनंती पाठवायची. आधी हे काम हाल नावाचा प्रोग्रॅम करायचा, मग कन्सोलकिट आला, आणि पुढे सिस्टिमडीचा लॉगिनडी.

विनंती हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सुडोच्या जमान्यात विंडो मॅनेजरचं बटण तात्पुरतं रूट व्हायचं. आता बटण साधंच राहतं, ते फक्त अर्ज करतं. मंजूर करायचा की नाही हे दुसरं कोणी ठरवतं. आणि तो दुसरा काय बघतो? हा माणूस आत्ता यंत्रासमोर बसलाय का, त्याचं सत्र चालू आणि पडद्यावर आहे का. असेल तर पासवर्ड न विचारता मंजूर. दुसऱ्या कोणाचंही सत्र त्याच यंत्रावर चालू असेल तर थांबतो आणि ॲडमिनचा पासवर्ड मागतो.

आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' म्हणतात, तसं हे 'बसेल त्याचं बटण'. सात-बारावर नाव कोणाचं यापेक्षा प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, हा प्रश्न. कंट्रोल-आल्ट-डिलीटची जी उघडी खिडकी होती ना, तिचंच हे रीतसर दार झालं. २००७ च्या सुमारास कन्सोलकिट आला, २०११ मध्ये लॉगिनडी. खैरातची मुलं ते लॅपटॉप वापरत होती त्याच वर्षांत बाकीचं लिनक्स जग या निष्कर्षाला येत होतं.

लॉगआउट परत येतं

मे २००८ मध्ये वॉल्टर बेंडर आणि इतरांनी शुगर लॅब्ज ही वेगळी संस्था काढली. शुगर फक्त एक्सओपुरतं ठेवायचं नाही, कोणत्याही पीसीवर चालवायचं, हा त्यामागचा विचार. जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' आलं: पेनड्राइव्हवर अख्खं शुगर. शाळेच्या लॅबमधल्या कोणत्याही पीसीला लावा आणि सुरू करा.

आणि इथे जुना प्रश्न परत उभा राहिला. पीसी शाळेचा. आज सातवी अ, उद्या सातवी ब. एकाच यंत्रावर अनेक मुलांची खाती. आता 'मी उठतो' म्हणण्यासाठी बटण हवंच. उलट, शटडाउन प्रत्येकाला द्यावं का, याबद्दल लॅब सांभाळणाऱ्यांचं मत वेगळं असणार. म्हणून शुगरच्या त्या मेन्यूत लॉगआउटची ओळ आली, आणि तिच्यासाठी सेटिंगमध्ये एक कळ आली: ही ओळ दाखवायची की लपवायची. रीबूटसाठीही तशीच कळ. एक्सओवर लपवा, लॅबमध्ये दाखवा. आईसडब्ल्यूएमच्या रिकाम्या ओळीचाच हा पुढचा अवतार. यंत्र कोणाचं आहे हे प्रोग्रॅम ठरवणार नाही, जिथे ते बसेल तिथली माणसं ठरवतील.

मला यात थोडी हुरहूरही वाटते. मेन्यूत लॉगआउट आलं तो एक चांगला, गरजेचा बदल. पण तोच बदल सांगतो की एका मुलाला एक लॅपटॉप हे स्वप्न आता वाटून घ्यायच्या लॅबकडे सरकलंय. भारतात ओएलपीसी कधीच राष्ट्रीय योजना झाली नाही. खैरातच्या मुलांसोबत मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी नंतरही काम केलं, पण आसपासच्या शाळांत तसे लॅपटॉप पसरले नाहीत. उरुग्वेनं सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना ते दिले. पेरूमध्ये लाखो वाटले गेले, आणि तिथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तेव्हा लॅपटॉप दिला की शिक्षण झालं, हा दावा टिकला नाही हे मान्यच करायला हवं.

पण माझा आजचा मुद्दा गुणांचा नाही. वस्तू हातात देणं आणि वस्तूवरचा अधिकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बारीकसारीक जागी ठरते. आता टॅबलेट वाटपाच्या योजना येतात. कित्येक टॅबलेटांवर कुठलं ॲप चालेल, कधी चालेल हे दूरच्या सर्व्हरवरून ठरवता येतं. मुलाच्या हातात काच असते आणि खटका भलतीकडेच. सरकारं आणि कंपन्या याला 'डिव्हाइस मॅनेजमेंट' म्हणतात. त्याची काही कारणं रास्त आहेतही. पण २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या एका खोलीच्या शाळेत याहून मोकळी रचना प्रत्यक्ष चालून गेलीय, हे आपल्याला माहीत तरी असावं.

तुम्ही बसवणार असाल तर

आपले ऐकणारे करून बघणारे आहेत, म्हणून शेवटी थोडं कामाचं. कोणाच्या घरी, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा शाळेत जुना पीसी पडला असेल, तुम्ही त्यावर ओपनबॉक्स टाकून तो पुन्हा चालू करणार असाल, तर मेन्यूत या ओळी तुम्हालाच घालायच्या आहेत.

लॉगआउटसाठी ओपनबॉक्सची स्वतःची 'एक्झिट' क्रिया पुरते. आणि तिच्यासोबत 'खरंच बाहेर पडायचं?' असं विचारायची सोय चालू ठेवा. शटडाउनसाठी 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ' ही आज्ञा द्या. समोर बसलेल्या माणसाला ती पासवर्डशिवाय चालते, त्यामुळे सुडोच्या फाइलीत हात घालायची गरज नाही. कोणी मुद्दाम सुडोनं ती सक्ती मोडून काढायला सांगितलं तर करू नका. दुसऱ्याचं सत्र चालू असताना अडवणारी तपासणी त्यानं निकामी होते, आणि त्याच तपासणीसाठी लोकांनी वीस-पंचवीस वर्षं घालवलीत. एक सांगतो, ओपनबॉक्स शुगरसारखं प्रत्येक कामाला विचारत बसत नाही. म्हणून मुलांना आधी आपलं काम सेव्ह करून खिडक्या मिटायची सवय लावा.

आणि ओळी मराठीत लिहा. 'बाहेर पडा' आणि 'संगणक बंद करा' असे दोन वेगळे शब्द वापरा. दोन्हींना नुसतं 'बंद' म्हटलं तर पुढच्या मुलाचा नंबर असताना पहिला मुलगा यंत्रच बंद करून जाणार, आणि जुना पीसी पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं घेणार. यंत्र सगळ्यांचं असेल तर 'बाहेर पडा' वर ठेवा. एकाचंच असेल तर ती ओळ काढून टाकली तरी चालेल. मात्र ठरवण्याआधी एकदा विचारा: हे यंत्र नक्की कोणाचं आहे? मेन्यू त्याचं उत्तर जसंच्या तसं दाखवणार आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, शाळेत असा एखादा जुना संगणक-प्रयोग झाला असेल, कपाटात एखादा हिरवा-पांढरा लॅपटॉप पडून असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.